चुन्याची रेघ

सुभेदार म्हणून माझं शेवटचं पोस्टिंग महूला होतं, एका ट्रेनिंग युनिटमध्ये. इंदूरच्या स्नेहलतागंजमधलं घर तासाभरावर, त्यामुळे बायको खूश होती. दिवस नेहमीचाच. सहाला पीटी, आठला नाश्ता, नऊला फॉलिनची हजेरी.

जनरल साहेबांच्या इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी मी बंद पडलेला जुना स्टोर उघडवला. आत वटवाघळांची वर्षानुवर्षांची घाण होती. तिथे जायचं नाही असा लेखी हुकूम होता, पण मला जादा खुर्च्या लपवायच्या होत्या. साहेब येणार म्हटलं की फौजेत विटासुद्धा चुन्याने रंगतात, आणि मी त्यात सगळ्यांच्या पुढे. दारासमोर नुकतीच चुन्याची रेघ ओढून घेतली होती.

नाईक दीपक शिंदे आठ जवान घेऊन आला. तो इंदूरचाच, विजय नगरचा.

"साहेब, आधी पानी मारू का? धूल भोत उडेल."

"चुना ओघळेल. सुकाच झाडू मार."

"जी, साहेब."

इन्स्पेक्शन झकास झालं. शाबासकी मला मिळाली.

बाराव्या दिवसापर्यंत नऊच्या नऊ जण ताप-खोकल्याने आडवे झाले. एक्स-रेत दोन्ही फुफ्फुसांवर ठिपके. टीबी समजून औषधं सुरू झाली, पण उतार पडेना. दीपकची तब्येत सगळ्यांत वाईट. बराकीतले बाकीचे मात्र ठणठणीत होते, आणि हॉस्पिटलच्या मेजर मॅडमना हेच खटकत होतं.

"सूबेदार साहब, ये नौ लोग साथ में कहाँ गए थे?"

"रूटीन ड्यूटी, मैम."

पेन्शनला चार महिने उरले होते. मी घाबरलो. दोन दिवस गप्प राहिलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला मॅडमनी वॉर्डात माझ्यासमोरच जवानांना तोच प्रश्न विचारला. दीपकने ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला.

"पुराना स्टोर, मैम. चमगादड़ की गंदगी थी. झाड़ू मैंने लगवाई."

माझं नाव त्याने घेतलं नाही. मग मात्र मला राहवेना.

"ऑर्डर मेरा था, मैम. इसने पानी माँगा था. मैंने मना किया."

मॅडम एवढंच म्हणाल्या, "ये परसों बताना था."

त्याच दुपारी औषध बदललं. त्या घाणीतली बुरशी धुळीबरोबर फुफ्फुसात गेली होती, हे तपासणीत नंतर निघालं. आठ जण बरे झाले. दीपक गेला. मला शिक्षा झाली, ती योग्यच होती.

आठ घरं त्याने वाचवली आणि मला खोटेपणातून बाहेर काढलं. त्याचे उपकार मी रोज आठवतो.

तेराव्यानंतर विजय नगरला त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोला उभ्यानेच सगळं सांगितलं, ते दोन दिवससुद्धा. तिने ऐकून घेतलं.

"ते बोलले होते मला," ती म्हणाली. "बोलले, साहेब स्वतःच येतील सांगायला. तू बस चाय चढव."

मग ती चहा ठेवायला आत गेली.