अव्वाच्या ट्रॉलीला व्हेंट

बावीस वर्षं मी एकच वाक्य ओरडत घालवली : "व्हेंट मारलास का?" शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी सुपरवायझर होतो. वाळूचा साचा भरून झाला की त्यात तारेनं बारीक भोकं पाडायची असतात, त्यांना आम्ही व्हेंट म्हणतो. वितळलेलं लोखंड ओतलं की आत गॅस उठतो, त्याला बाहेर पडायला ही वाट. ती ठेवली नाही तर गॅस लोखंडातच अडकतो आणि सगळा माल फोडांनी भरलेला, भंगारात टाकायच्या लायकीचा निघतो. इतकी साधी गोष्ट. शेंबड्या पोरालाही कळेल, असं मी रोज कुणाला ना कुणाला चारचौघांत ऐकवायचो. आवाज माझा असा, की भट्टीच्या पलीकडची माणसं चहा पिताना थांबायची.

तर अशा ह्या हुशार माणसानं घरी काय दिवे लावले ते ऐका.

माझी आई सीमेपलीकडची, कानडी घरातली, म्हणून आम्ही तिला अव्वा म्हणायचो. तिला दमा होता. आणि तिची वर्षाची मागणी एकच : मार्गशीर्षात सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माला जायचं. लग्नाच्या आधीपासून ती जात होती. पण आमच्याकडची माणसं नुसतं दर्शन घेऊन परत फिरत नाहीत. डोंगरावर मुक्काम ठोकतात, तिथंच चुली पेटवतात, पोळ्यांचा नैवेद्य करतात. चुलींचा धूर आणि हजारो पायांची धूळ. एका वर्षी तिथनं तिला सरळ दवाखान्यात न्यावं लागलं. धाकट्या भावानं त्याच दिवशी फर्मान काढलं, "अव्वा आता कुठं जायची न्हाय."

तेव्हापासून यात्रेचे दिवस आले की अव्वा गप्प व्हायची. जेवायची, भाजी निवडायची, पण बोलायची नाही. तिसऱ्या वर्षी मला ते बघवेना.

"मी नेतो तुला," मी म्हणालो. "धुळीचा कण लागू देत न्हाय. फिरतं घरच बांधतो की."

आमच्या कंपनीत लाकडी पॅटर्न, म्हणजे ज्यांच्यावरनं वाळूत साचे उठवतात ते नमुने, इकडनं तिकडं न्यायला एक ट्रॉली होती. चारी बाजूंनी पत्रा, वर पत्रा, मागं दोन फळ्यांचं दार, ट्रॅक्टरमागं जोडायची. ती भंगारात निघाली आणि मी उचलली. कळंब्याला आमच्या घरापुढं मोकळी जागा होती, तिथं ती उभी केली. भावाचा ट्रॅक्टर होताच, आणि धूळ लागणार नाही म्हटल्यावर तोही कसाबसा तयार झाला. म्हटलं, अव्वा आत गादीवर झोपून जाईल, डोंगरावर आतच बसेल, बाहेर जग धुरात बुडालं तरी हिला पत्ता नाही.

दोन महिन्यांचे रविवार मी त्या ट्रॉलीत घातले. पत्र्याला आतनं थर्माकोल, त्यावर प्लायवूड, त्यावर हिरवा ऑइलपेंट. एसटीच्या जुन्या खिडक्यांच्या दोन काचा आणल्या आणि पुट्टीनं पक्क्या बसवल्या. जिथं म्हणून फट दिसली तिथं पुट्टी. दाराच्या कडेनं ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचं रबर असं बसवलं, की दार लावताना खांद्यानं रेटायला लागायचं. मग बाहेरनं आडवा लोखंडी दांडा सरकवायचा. मालाची गाडी ती. दांडा बाहेरच असणार. आतनं दार लावायची लाकडाच्या पॅटर्नला कधी गरज पडली नव्हती, त्यामुळं मलाही ती सुचली नाही.

बायको एकदा डोकावून गेली. "अवं, ह्या खिडक्या उघडायच्या कशा?"

"उघडायच्याच न्हाईत! उघडली की आली धूळ."

"आणि वारं?"

"एवढी मोठी खोली हाय. वाऱ्याला काय तोटा? बावीस वर्षं फाउंड्रीत काढली मी, मला वारं शिकवू नको."

"तुमचं तुम्हाला ठाऊक," म्हणाली आणि भाकऱ्या थापायला गेली. तिच्या ह्या वाक्याला मी आयुष्यभर घाबरायला हवं होतं. कधी घाबरलो नाही, हीच तर गंमत.

यात्रेला आठ-दहा दिवस उरले होते. रविवार, दुपारची वेळ. आमच्या खात्यातला एक मोल्डर, म्हणजे साचे भरणारा, माझ्याच वयाचा, सामान चढवायला मदत करावी म्हणून मी त्याला बोलावून घेतला होता. आदल्याच दिवशी त्यानं एका साच्याला व्हेंट मारले नव्हते म्हणून मी त्याला सगळ्या खात्यासमोर गाढव म्हणालो होतो. तरी बिचारा आला. शेजारचे निवृत्त मास्तरही हात मागं बांधून बघायला आले होते. प्रेक्षक मिळाले म्हटल्यावर मी काय थांबतोय!

"अव्वा, बस जा आत. बघ कसं वाटतंय."

ती चढली. गादीवर बसली. हिरव्या भिंतीवरनं हात फिरवला आणि हसली. किती दिवसांनी हसली होती. मी दार रेटलं आणि दांडा सरकवला.

मग मी मास्तरांना ट्रॉली दाखवत सुटलो. हे थर्माकोल, हे रबर, ही पुट्टी. चाकापासून सुरुवात करून मी अख्खी प्रदक्षिणा घातली. मध्येच ट्रॅक्टरचा विषय निघाला, मग उसाचा, मग मास्तरांच्या पेन्शनीचा. किती वेळ गेला असेल? दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. मला काय कळतंय, मी माझंच कौतुक ऐकत होतो. आणि मग पत्र्यावर हात आपटून मी म्हणालो, "मास्तर, असलं टाईट काम हाय, की आतला आवाजसुद्धा बाहेर येत न्हाय!"

हे मी म्हणालो. ह्याच तोंडानं.

मोल्डर दाराजवळ उभा होता. तो हळूच म्हणाला, "सायब, दांडा हालतोय."

मी बघितलं. लोखंडी दांडा कडीत बारीक थरथरत होता. थांबायचा, परत थरथरायचा.

मी काही करायच्या आत त्यानं दांडा ओढला. अव्वा दारालाच टेकली होती, ती त्याच्या अंगावरच आली. ओठ काळेनिळे, तोंड उघडं आणि छातीतनं ती शिट्टी. आतनं ताज्या ऑइलपेंटचा वास असा आला की मास्तर दोन पावलं मागं सरले. तिचा दम्याचा पंप घरात देवळीत होता. नुसतं बघायला म्हणून चढलेली बाई पंप कशाला घेईल? बायको पळत पंप घेऊन आली. मी काय करत होतो? मी उभा होतो. आपण आपल्या आईला मारलं, एवढंच डोक्यात फिरत होतं.

अर्ध्या तासानं तिचा श्वास जागेवर आला. ओसरीवर भिंतीला टेकून बसली. मोल्डरनं ट्रॉलीत डोकं घातलं, वर बघितलं, खाली बघितलं, आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "सायब, ह्याला व्हेंट कुठं हाय?"

टोमणा असता तर बरं झालं असतं, मी अंगावर धावून गेलो असतो. त्यानं खरंच विचारलं होतं.

संध्याकाळी भाऊ तणतणत आला. गल्लीत बातमी पोचलीच होती. "दार कुणी लावलं?" त्यानं विचारलं. मी तोंड उघडायच्या आत अव्वा म्हणाली, "मीच म्हटलं लाव म्हणून. बघूया म्हटलं." तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. त्यापेक्षा तिनं मला चपलेनं हाणलं असतं तर मी सुखानं झोपलो असतो.

आता माणसानं काही शिकावं की नाही? मी शिकलो, पण माझ्या पद्धतीनं. कारखान्याच्या शेडवर वाऱ्यानं गरगर फिरणारे गोल पंखे असतात ना, मोठ्या कांद्यासारखे दिसणारे, त्यातला एक जुना मी मिळवला. ट्रॉलीच्या छपराला भोक पाडून तो वर चढवला. कुणाला विचारलं नाही. विचारणार कसा, मला सगळं येत होतं! रस्त्यानं जाणारा एक सायकलवाला थांबून म्हणाला, "पावणं, देवळाला कळस बसवलासा, देव कवा आणताय?" मी त्याला जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पंखा मात्र झकास फिरत होता. मी उदबत्ती पेटवून ट्रॉलीत ठेवली, दार लावलं आणि काचेतनं बघत बसलो. म्हटलं, आता धूर सुईच्या दोऱ्यासारखा सरळ वर निघणार. कसला निघतोय! धूर तिथंच घोटाळला, मग खाली पसरला. थोड्या वेळानं मला उदबत्तीच दिसेना. वर पंखा आपला गरगरतोय, आणि खाली मी त्याच्याकडं आ वासून बघतोय.

दुसऱ्या दिवशी खात्यात गेलो आणि सरळ त्या मोल्डरच्या पुढ्यात जाऊन उभा राहिलो. सगळे बघत होते. सायब आज कुणाचा उद्धार करतोय म्हणून. मी म्हणालो, "लेका, तूच सांग. वर एवढा पंखा बसवला, तरी धूर जात न्हाय."

त्यानं हातातली वाळू झटकली. "जायाला वाट केलासा, सायब. पर यायाला?"

बाटलीतनं पाणी ओतताना तिच्यातसुद्धा आधी वारं शिरावं लागतं, हे मला पन्नाशीला टेकल्यावर दुसऱ्यानं सांगावं लागलं. आमच्या साच्यात गॅस आतच तयार होतो, त्याला फक्त बाहेर पडायचं असतं. माणसाला वारं आधी आत घ्यावं लागतं. मी त्याला म्हणालो, "परवा तुला गाढव म्हणालो ते चुकलं माझं." तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या की. रोजचंच हाय."

तो स्वतः कटर घेऊन आला. आम्ही दोघांनी दोन्ही बाजूंना, जमिनीपासून वीतभर वर, लांबट खिडक्या कापल्या. त्यांना तिरक्या पट्ट्या, आत बारीक जाळी, जाळीमागं धुळीसाठी विरलेल्या धोतराचं कापड. दाराला आतनं कडी, ती ओढली की बाहेरचा दांडाही सरकेल अशी. परत उदबत्ती लावली. धूर जरासा वाकला, सरळ झाला आणि पंख्यातनं निघून गेला. मोल्डर हसला. मला रडू आलं, ते मी डोळ्यात लोखंडाचा कीस गेला म्हणून खपवलं.

पण अव्वा ट्रॉलीकडं फिरकेना. वाळत घातलेली लुगडी आणायची तर लांबनं वळसा घालून जायची. मी म्हणालो, "अव्वा, आता वारं खेळतंय बघ आत." ती म्हणाली, "औंदा मी येत न्हाय. गुडघं दुखत्यात माझं."

गुडघे! ती बाई पहाटे उठून अंगण झाडायची. गुडघ्यांचं नाव पुढं केलं होतं, भीती माझ्या ट्रॉलीची होती. आणि यल्लम्मा तर तिला हवीच होती. नैवेद्याची डाळ निवडून तिनं आधीच डब्यात भरून ठेवली होती, ती मी बघितली होती. तिसरं वर्षही असंच जाणार, आणि ह्या खेपेला भावामुळं नाही, माझ्यामुळं.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी ती आपणहून आली. एका हातात स्टूल, दुसऱ्या हातात सुपात भुईमुगाच्या शेंगा. ट्रॉलीच्या दाराशी स्टूल मांडलं.

"तू बस आत," ती म्हणाली. "मी दार लावते."

"बसतो की! त्यात काय?"

"आतल्या कडीला हात लावायचा न्हाय."

"न्हाय लावत."

मी आत जाऊन गादीवर ऐटीत मांडी घातली. तिनं दार रेटलं. खांद्यानं रेटतानाची तिची धाप मला ऐकू आली, मग दांडा सरकल्याचा आवाज.

वारं झकास येत होतं. पायाला गार लागत होतं. पट्ट्यांमधनं तिच्या जोडव्यांची बारीक किणकिण ऐकू येत होती. मी मनाशी ठरवलं, ती उघडेपर्यंत हूं की चूं करायचं नाही. बसेन दुपारपर्यंत. दाखवूनच देतो.

पहिली काही मिनिटं मजेत गेली. मी माझं प्लायवूडचं काम बघितलं, एक खिळा वाकडा दिसला. मग दाराकडं नजर गेली. आतनं दार नुसतं सपाट, हिरवं. कडी होती, पण तिला हात न लावायचा शब्द दिलेला. दांडा पलीकडं. वारं येत होतं, खोटं बोलत नाही, भरपूर येत होतं, आणि तरी माझी छाती आवळायला लागली. तिला तर वारंही नव्हतं. पंपही नव्हता. बाहेरनं आवाज येत असणार तो माझा, थर्माकोलचं कौतुक करणारा. कपाळाला घाम फुटला. मी कसाबसा उठलो आणि दारावर तळहातानं एक थाप मारली. एकच.

हात खाली यायच्या आत दार उघडलं.

अव्वा उभीच होती. एक हात दांड्यावर. सूप स्टुलावर तसंच होतं, त्यातली एकही शेंग सोललेली नव्हती.

"साका?" तिनं विचारलं. तिच्या कानडीत, पुरे का म्हणून.

मी नुसती मान हलवली. तिनं पदरानं माझं कपाळ पुसलं, पन्नाशीच्या घोड्याचं. मग मला बाजूला सारून आत चढली, गादीवर बसली, पंप कनवटीला आहे का ते चाचपून बघितलं आणि म्हणाली, "लाव आता दार."

त्या वर्षी आम्ही सौंदत्तीला गेलो. पुढंही सात वर्षं जात राहिलो.

एका थापेला तिनं मला बाहेर काढलं. त्या रविवारी तिनं आतनं किती थापा मारल्या, हे सात वर्षांत मला तिला एकदाही विचारता आलं नाही.