उफराटीचं पेन

माझ्या ताईला घरात सगळे उफराटी म्हणायचे. नाव मीच ठेवलं होतं, त्यामुळे दुसऱ्या कुणाला दोष देत नाही. लहानपणी फ्रॉक उलटा घालायची, किल्ली उलटी घालायची आणि वर कुलूपच बिघडलंय म्हणून भांडायची. पुढे पडदे शिवायच्या दुकानात लागली, तिथेही तेच. शिलाई अशी सुरेख की बघत राहावं, पण कापडाची सुलटी बाजू आत. मग बसायची उसवत. मालकाने तिच्यापुढे हात टेकले, पण कामावरून काढलं नाही, कारण उसवण्यातही तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

माझी लेक मात्र तिच्याकडेच वाढली. माझी कामाची पाळी दुपारची. शाळा सुटली की पोरगी मावशीच्या घरी. पोरीला मधमाशीचं वावडं. एक डंख बसला की घसा सुजतो, श्वास अडकतो. म्हणून डॉक्टरांनी इंजेक्शनचं पेन दिलं होतं. मांडीवर टेकवून दाबायचं, आतली सुई आपोआप औषध सोडते. ते मी ताईच्या हातात ठेवलं आणि दारातूनच सांगितलं, "टोपी काढ आणि दाब." कुठलं टोक, ते सांगितलं नाही. घाईत होते ना! हे आज कबूल करतेय, तेव्हा केलं नव्हतं.

पोरगी सहा वर्षांची असताना तिला मधमाशी चावली. त्या पेनाची दोन्ही टोकं दिसायला सारखीच, एकीकडे बटण, एकीकडे सुई. ताईने बटण पोरीच्या मांडीला लावलं आणि सुईच्या टोकावर अंगठा दाबला. औषध गेलं ताईच्या अंगठ्यात. शेजारचा ड्रायव्हर घरी होता, त्याने गाडी काढली, म्हणून माझी पोर वाचली.

हॉस्पिटलात मी ताईला नको नको ते बोलले. "रस्त्यावरचा कुणीही आला असता तरी त्याने सुलटं धरलं असतं!" तिचा अंगठा पांढराफटक पडला होता, तो चोळत बसली. दुसऱ्या दिवसापासून मी पोरीला पाळणाघरात घातलं. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, माझं काय चुकलं?

त्याच हॉस्पिटलात एक चष्मेवाला इंजिनिअर यायचा. चुकणाऱ्या हातातही धोका होणार नाही असं पेन त्याला बनवायचं होतं, आणि असे अंगठे टोचून घेतलेल्यांची त्याच्याकडे यादीच होती. त्याने ताईलाही बोलावलं. मग दर मंगळवारी दुकानातून अर्धी रजा टाकून ताई त्याच्याकडे. बिनसुईची नमुन्याची पेनं आणि मांडीला बांधलेली उशी. तिच्यावर टोचून दाखवायचं. असं दोन वर्षं चाललं. परत आली की मला फोन. "आजही जमलं गं. थँक यू म्हणाले. आता पोरीला पाठवशील?"

"बघू," मी म्हणायचे. पोरगीही रात्रंदिवस मावशी मावशी करायची. माझा जीव तुटायचा, पण धीर होईना.

शेवटी म्हटलं, एकदा डोळ्यांनी बघू या. गेले. इंजिनिअरने मला काचेमागे बसवलं. तिथून आतलं सगळं दिसतं, आतल्यांना आपण दिसत नाही. ताईने पेन उचललं. उलटं. दाबलं. तिथली बाई गोड हसून म्हणाली, "थँक यू." दुसरं पेन दिलं. पुन्हा उलटं. "थँक यू."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "अहो, चुकतेय ती! सांगा ना तिला!"

"सांगायचं नाही, असा नियमच आहे," तो म्हणाला. "सांगितलं तर त्या शिकतील आणि पेन तसंच राहील. घाबरलेल्या माणसाला शिकवलेलं आठवत नसतं. त्या चुकल्या की आम्ही पेन बदलतो. बाकीचे लोक तीन-चार वेळांत शिकतात आणि आमच्या उपयोगाचे राहत नाहीत. तुमच्या ताई दोन वर्षांत काहीही शिकलेल्या नाहीत."

हे तो इतक्या कौतुकाने म्हणाला की त्याला दोन शब्द सुनावावेत की आभार मानावेत, मला कळेना.

घरी आले ती चक्रावूनच. ताईला सांगावं, तर तिचा उरलासुरला धीर जाणार. न सांगावं, तर ती आपल्याला जमतंय या भ्रमात माझी पोर मागतेय. त्यात भर म्हणून कपाटातलं ते जुनं, वापरून झालेलं, सुई मोडून टाकलेलं पेन काढलं, डोळे मिटून हातात फिरवलं आणि स्वतःला विचारलं, सांग आता सुई कुठे होती? मला सांगता येईना. मग दोन वर्षं मी नेमकी कुणावर रागावले होते?

वर्षभराने नवं पेन दुकानात आलं. एक टोक रुंद आणि सपाट, दुसरं अंड्यासारखं गोल. बटण कुठेच नाही. रुंद टोक दाबलं तरच सुई बाहेर येते आणि काम झालं की आपोआप आत जाते. सोबत सरावाचं, बिनसुईचं पेनही होतं. ते घेऊन ताईकडे गेले. "दाखव."

तिने उलटं धरलं. दाबलं. काहीच झालं नाही. "अरेच्चा," म्हणत तिने ते निरखलं, फिरवलं आणि रुंद टोक मांडीवर दाबलं. टक.

"थँक यू," मी म्हणाले. तोंडातून निघूनच गेलं.

ताई हसायला लागली. "चुकले ना आधी?"

"म्हणजे? तुला माहीत होतं?"

"अगं, उफराटी आहे, खुळी नाही. बरोबर धरलं असतं तर दर मंगळवारी नवं पेन कशाला केलं असतं त्यांनी?"

"मुद्दाम चुकायचीस?"

"छे गं! सुलटंच धरायला जायचे."

"मग मला फोन करून जमलं जमलं का सांगायचीस?"

"मग काय सांगू? आजही चुकले, आता पोरीला पाठव?"

मला रडू आलं, आणि तिच्यापुढे रडायची लाजही वाटली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर पोरीला दप्तरासकट तिच्याकडे नेलं. खरं पेन तिच्या हातात दिलं. या वेळी खाली बसून, सावकाश सांगितलं, "हे रुंद टोक मांडीला." तिने मान डोलावली, पेन मुठीत घेतलं, आणि उलटंच धरलं.

ते सरळ करायला मी हात पुढे केला, आणि मागे घेतला. "मावशीला त्रास देऊ नकोस," पोरीला म्हटलं आणि कामाला गेले.