मोगऱ्याच्या कुंडीतली पिशवी

माझ्या बायकोच्या मामांनी आजवर एकाही माणसाला सुखाने भाजी घेऊ दिलेली नाही. राहतात रोह्याजवळ वरसेला, पण त्रास थेट पेणला आमच्यापर्यंत पोचवतात. बाजारात शिरले की आधी पिशवी मागतात, मालाचं नंतर. ती ताणून बघतात, कानाशी धरून चुरगळतात, आणि एवढ्यावर समाधान झालं नाही की काडी ओढून तिचा कोपरा जाळून हुंगतात. मग भर बाजारात निकाल लागतो, "फसवतात तुम्हाला! ही नुसती तुकडे होऊन पसरणार. मातीत नाय मिसळणार." मागे गिऱ्हाइकं खोळंबलेली असतात आणि मी दुसऱ्याच कुणाचा तरी जावई असल्यासारखा टोमॅटो निवडत असतो. एकदा पेणच्या कोळणीने त्यांना विचारलंच, "मामा, कोलंबी घ्यायची हाय का पिशवीचं बारसं करायचं हाय?"

मामांच्या मते खरी पिशवी एकच, मक्याच्या पिठापासून केलेली, पुरली की माती होणारी. असल्या पिशव्या ते कुठून कुठून मागवतात आणि गठ्ठा काखेत मारून हिंडतात. त्या दिवशी कोलंबी त्यांनी आपल्याच पिशवीत घेतली आणि त्यांच्या घरी जायला आम्ही रोह्याच्या एसटीत बसलो. नागोठणं यायच्या आधीच पिशवीने अवतार संपवला. कंडक्टर ओरडतोय, बायका पाय वर घेऊन बसल्यात, आणि मामा सीटखाली वाकून कोलंबी वेचता वेचता सगळ्या गाडीला सांगतायत, "बघा, कशी विरघळली! बाजारातली विरघळंल का अशी?" त्यांच्या आवाजात चक्क अभिमान होता. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. माझ्या चपलेत एक कोलंबी होती, ती मात्र घरी पोचल्यावर सापडली.

एवढ्यावर भागलं असतं तर मी काही बोललो नसतो. पण माझी बायको पोह्याचे पापड करून वडखळच्या एका दुकानात देते, आणि मामांनी तिच्याही गळी त्या पिशव्या उतरवल्या. "पोरी, पापड खाऊन संपतो, मग पिशवीनं का मागं ऱ्हावं?" बोलणं बिनतोड होतं. पिशव्यांनी मात्र आमच्याकडची दमट हवा पोटभर पिऊन घेतली. पापड मऊ पडले, पिशव्या पापडांना चिकटल्या, आणि सगळा माल परत पाठवताना दुकानदाराने विचारलं, "वहिनी, हे सोलून तळायचे का?" बायको कितीतरी दिवस मामांशी बोलली नाही. मामा तरीही आले, उरलेल्या पिशव्यांतली एक घेतली आणि तिच्या लाडक्या मोगऱ्याच्या कुंडीत पुरून गेले. म्हणाले, आपल्या माणसांच्या घरात असली की लक्ष राहतं.

एसटीत आणि दुकानात ज्या जातीच्या पिशवीला दम धरवला नाही, ती मातीत गेल्यावर जी ठाण मांडून बसली ती हलेचना. मामा दर खेपेला यायचे, आमच्या स्वयंपाकघरातला चमचा घ्यायचे आणि कुंडी उकरायचे. मोगऱ्याची मुळं इतक्या वेळा उघडी पडली की शेवटी त्याने मान टाकली. तेव्हा मात्र मी भडकलो. "मामा, एका पिशवीपायी आणखी किती छळणार आहात आम्हाला?"

मामा पायरीवर बसले. चमचा हातातच होता.

"जावईबापू, मी कंपनीत जन्मभर पिशव्याच काढल्या. साध्या, प्लास्टिकच्या. शिफ्ट सुटायच्या वेळेला हा ढीग पडलेला असायचा. त्यातली एक बी अजून मेलेली नाय हो. कुठं ना कुठं हायच ती, नाल्यात, खाडीत, गुरांच्या पोटात. मी जाईन, त्या ऱ्हातील. एक तरी पिशवी मातीत जाताना मला बघायची हाय. माझ्या आधी."

मग मामा उठले आणि तो मातीने भरलेला चमचा न धुता आमच्या डब्यात ठेवून गेले.

आता त्यांचे गुडघे गेलेत. पेणला येणं होत नाही, म्हणून फोन करतात. कसे आहात, काय चाललंय, असलं काही नाही. एकच प्रश्न, "गेली काय?"

"नाही मामा, आहे अजून," मी सांगतो.

"बरं," असं म्हणतात आणि फोन ठेवतात.

परवा मी स्वतःच चमचा घेऊन कुंडी उकरली. पिशवीचा एक कोपरा भिजलेल्या कागदासारखा झाला होता. बोट लागताच त्याची माती झाली, आणि त्यातून गवताचं एक मूळ आरपार गेलेलं दिसलं. मी धावत जाऊन फोन लावला. मामांना सगळं सांगितलं.

"कोपरा का?" मामा हळूच म्हणाले. "जाऊ दे सावकाश. माती तेवढी ओली ठेवा. मी थांबतो."

मोगरा केव्हाच मेलाय, ती कुंडी आता काढून टाका, असं बायको म्हणते. मी ऐकलेलं नाही. रोज सकाळी तांब्याभर पाणी घालतो, पिशवीला.