जवळ या, मध्ये फट नको

मळवली स्टेशन ते लोहगडवाडी या चढावर नसीर मुलाणींची जीप चालते. गड बघून दमलेली माणसं खाली जीपपाशी आली, की त्यांतलं कोणीतरी हमखास मोबाइल पुढे करतं, "काका, आमचा एक फोटो काढा ना." नसीरभाई कधी नाही म्हणत नाहीत. उलट ते गॉगल कपाळावर चढवतात, ऊन पाठीवर घेतात आणि मास्तरासारखे दरडावतात, "जवळ या, जवळ या. मध्ये फट नको. भांडून आलाय काय?" खरोखर भांडून आलेलीसुद्धा यावर हसतात, आणि नेमका तेवढ्यात फोटो निघतो. फोटो झकास येतो. लोक वा वा करतात, मोबाइल खिशात घालतात आणि गाडी पकडायला निघून जातात. त्यांच्याबरोबर फोटोही जातो.

पूर्वी याचं त्यांना काही वाटत नसे. कामशेतला घरी मेहमुदा होती. जेवताना ते तिला त्या दिवशीची गिऱ्हाइकं रंगवून सांगत. ती म्हणे, "आख्ख्या मुंबई-पुण्याचे फोटो काढता, आपला दोघांचा एक तरी हाय का?"

नव्हता. निकाहाच्या वेळी ते बाहेर मंडपात होते आणि ती आत बायकांत. फोटोग्राफरनं एकाला बाहेर टिपलं, एकीला आत टिपलं आणि बिर्याणी खाऊन तो गेला. पुढे घरात मोबाइल आला, तर तो धरायला नसीरभाईच. तिचे फोटो ढीगभर निघाले, पण काढणारा कधी फोटोत आला नाही. "काढू की, कुटं पळून चाललोय," असं ते म्हणायचे. मग तिला कावीळ झाली, आणि बघता बघता ती गेली.

त्यानंतर घर खायला उठू लागलं. मुलगी हुमेरा रत्नागिरीला दिलेली. ती शुक्रवारी मोबाइलवर दिसे, नातू पडद्याला तोंड लावून पापा देई, आणि पडदा काळा झाला की घरात पुन्हा फक्त पंख्याचा आवाज. असंच एकदा भिंतीकडे बघत बसलेले असताना नसीरभाईंच्या मनात आलं, की आपण एवढी माणसं हसवली, त्यांतलं एकही हसू आपल्याकडे नाही. ते हवं. या भिंतीवर हसरी माणसं लावायची, म्हणजे संध्याकाळी दार उघडल्यावर घरात कोणीतरी असेल.

आता यासाठी मोबाइल पुरला असता. पण अनोळखी माणसावर मोबाइल रोखला तर लोक अंगावर येतात. मोठा कॅमेरा गळ्यात असला, की तेच लोक केस सारखे करून स्वतःहून उभे राहतात, असा नसीरभाईंचा हिशेब होता. चांगला डीएसएलआर घ्यायचा, असं त्यांनी ठरवूनच टाकलं.

पुण्यात जुने-नवे कॅमेरे विकणाऱ्या दुकानात अनघा नावाची मुलगी होती. ती म्हणाली, "काका, डीएसएलआर जुने झाले आता. सगळे मिररलेस घेतात."

"मी तरी कुटं नवा हाय?" नसीरभाई म्हणाले.

तिनं हसून दोन्ही हातात दिले. मिररलेसच्या भिंगाला त्यांनी डोळा लावला, तर आत चिमुकला पडदाच होता. मग डीएसएलआर लावला. आतल्या आरशातून अनघा दिसली ती पडद्यावरची नव्हे, खरीखुरी, समोर उभी असलेली. पडद्यांना ते इतके विटले होते की तिथंच त्यांचं ठरलं.

"लेन्स कुठली देऊ? फोटो कशाचे काढणार?"

माणसांचे, म्हणायला त्यांना लाज वाटली. "पक्ष्यांचे," ते म्हणाले. तिनं लगेच लांबचं जवळ आणणारी हातभर लेन्स काढली. ती त्यांनी बाजूला सारली आणि पन्नास एमएमच्या ठेंगण्या लेन्सवर बोट ठेवलं.

"काका, ही झूम होत नाही. तुम्हालाच चालत जवळ जावं लागेल. पक्षी उडून जातील."

"जातो की जवळ," नसीरभाई म्हणाले. त्यांना तर तेच हवं होतं.

पुढच्या रविवारी कॅमेरा गळ्यात घालून ते लोहगडवाडीत उभे राहिले. एक कुटुंब गडावरून उतरलं. आजोबांच्या खांद्यावर नात, मागे तिचे आईबाप. नसीरभाई कॅमेरा डोळ्याला लावून चालत जवळ गेले. बाईनं मुलीला ओढून घेतलं. बाप म्हणाला, "नको, नको. किती घेता एका फोटोचे?"

"फुकट काढतो, सायेब."

"फुकट? मग टाकणार कुठे?"

घरी भिंतीवर लावणार, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? ते मागे सरले. दुपारपर्यंत असंच चाललं. जवळ जावं, तर माणसं लांब होत. कॉलेजच्या पोरांनी तर कहर केला. "काका, कॅमेरा लय भारी! म्हणजे तुम्हाला येत असणार. आमच्या मोबाइलवर एक काढा ना." नसीरभाईंनी काढला. "मध्ये फट नको" म्हणताना गळ्यातला कॅमेरा छातीवर नुसता लोंबत होता. इतकं एकटं त्यांना मेहमुदाला माती देऊन परतलेल्या दिवशीसुद्धा वाटलं नव्हतं. त्या दिवशी निदान घर माणसांनी भरलेलं होतं.

गर्दी पांगल्यावर ते शकुबाईंच्या भज्यांच्या टपरीवर येऊन बसले. म्हातारी बाई, त्यांना रोज चहा देणारी.

"उद्या परत करतो ह्यो कॅमेरा," ते म्हणाले. "कुनी हुबं ऱ्हात न्हाई, मावशी."

"मंग तुमीच ऱ्हावा की. आना हिकडं, मी काढते." शकुबाईंनी पदराला हात पुसले.

नसीरभाईंनी सगळं लावून दिलं, कुठे डोळा आणि कुठे बोट ते दाखवलं, पट्टा तिच्या गळ्यात घातला आणि जीपपाशी जाऊन उभे राहिले. म्हातारी मागे मागे सरत गेली.

"भाऊ, मधी व्हा की! असं कडंला काय हुबं ऱ्हायलाय? निम्मी जागा मोकळीच दिसतीया."

"हाय ते बरं हाय. दाबा."

खट् झालं. नसीरभाई आले आणि मागच्या पडद्यावर बघू लागले. फोटो जरा तिरका होता. ते स्वतः एका कडेला होते, अवघडून हसत होते. एक खांदा मागे घेतलेला, आणि त्या खांद्याशेजारी बरोबर एका बाईमाणसापुरती फट. जन्मभर लोकांना दरडावलं, आणि स्वतः उभे राहिले ते असे. हे त्यांनी ठरवून केलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले, आणि ते त्यांनी पुसलेही नाहीत.

"बिगाडला व्हय माज्या हातनं?" शकुबाई कावरीबावरी झाली. "फुसून टाका, परत काढू."

"नगं मावशी, ऱ्हाऊ द्या," नसीरभाई म्हणाले. "आमचा दोघांचा ह्यो पयलाच फोटो हाय."