बाप्तिस्म्याचं मीठ

"ह्यो हुकूम देवाचा का सायबाचा?"

कोणी कसली बंदी सांगितली की हनुवटी वर करून ती एवढंच विचारी. ‘साहेबाचा’ असं उत्तर आलं, तर "मग पापबिप काय नाय" म्हणून पुढे चालू लागे.

बाळकुमच्या बाजूची ही किरिस्ताव विधवा तुमच्यातल्या जुन्या ठाणेकरांना आठवत असेल. मिठागरात मीठ ओढण्यात तिचा जन्म गेला, आणि म्हातारपणी ती त्यांच्या देवळाची, म्हणजे चर्चची, झाडलोट करी. मी तेव्हा सरकारी मीठनाक्यावर कारकून होतो. येता-जाता मला चिडवी, "रावसाहेब, समुद्र रोज मीठ आणतो. त्याला कवा पकडणार?"

शेवटी पकडली गेली तीच. खाडीकाठी चिखलावर आपोआप धरलेलं मीठ तिनं कालवणापुरतं खरवडून ओच्यात घेतलं होतं. तेही उचलायला सरकारची मनाई. उभा जन्म जिनं मिठागरात घातला, तिला मूठभर मिठासाठी आठ दिवस तुरुंग! पंचनामा मीच लिहिला. त्याची मला अजून चीड येते, आणि साहेबापेक्षा स्वतःची जास्त येते.

तुरुंगाचं तिला फारसं काही वाटलं नाही. खरं संकट पुढे होतं. पाद्रीबाबांनी बजावलं, "राज्यकर्त्यांना सत्ता देवानंच दिली आहे. त्यांचा कायदा मोडणं पाप. ते कबूल कर, मगच प्रसाद." त्यांच्यात पाप कबूल करून प्रसाद घेतल्याशिवाय कोणी सुखानं डोळे मिटत नाही.

मला राहवलं नाही. देवळाच्या ओसरीवर जाऊन तिच्यासाठी रदबदली केली. पाद्रीबाबा हलेनात, तेव्हा तिलाच हळूच म्हटलं, "मावशी, म्हणून टाका ना, केलं पाप. काय जातं?"

ती माझ्यावरच उसळली. "नसलेलं पाप सांगू? देवाच्या कानात खोटं बोलू? पाप तर तेच होल ना!" मग पाद्रीबाबांकडे वळली. "बाप्तिस्म्याला पोरांच्या जिभेवर मीठ ठेवता, ते इतकी वर्सं मीच आणते. खाडीवरचंच हाय. मग गावची सगळी पोरं पापात बुडवली काय?"

पाद्रीबाबांचा चेहरा उतरला. मला वाटलं, म्हातारी जिंकली. पण पुढच्याच आठवड्यात बाप्तिस्म्याचं मीठ बाजारातून आलं आणि देवळाचा झाडू दुसऱ्या बाईच्या हातात गेला. प्रश्नाला उत्तर नव्हतं, म्हणून विचारणारीलाच बाजूला सारलं! याला न्याय म्हणायचं?

त्यानंतर दर रविवारी ती दाराशी गुडघे टेकून बसे. रस्त्यावरून मला दिसे. बाकीचे जिभेवर प्रसाद घ्यायला पुढे जात आणि हिचे ओठ आपोआप किंचित उघडत.

शेवटच्या दुखण्यात मी तिला भेटायला गेलो असताना पाद्रीबाबा खाटेशी आले. "आता तरी कबूल कर," म्हणाले. खोटं कशाला सांगू, आवाज मऊ होता. तिनं मान हलवली. नाही.

प्रसादाविना गेली म्हणून तिला देवळाच्या भिंतीबाहेर, खाडीच्या अंगाला पुरलं. तिथवर भरतीचं पाणी येतं. उन्हाळ्यात कबरीवर पांढरं मीठ धरतं, आणि कोणी उचलू नये म्हणून नाक्याचा शिपाई येऊन ते पायानं मातीत मिसळून टाकतो. तसा हुकूम आहे, आणि त्या हुकमाची नक्कल माझ्या अक्षरात आहे.