पाइपचे भाते

नळदुरुस्तीवाला पाइपला सोल्यूशन लावू लागला, की त्या उग्र वासाने गुढियारीतलं आमचं अंगण आठवतं. हार्डवेअरच्या दुकानातून पाइप आणून, तळाला झाकण चिकटवून बाबांनी माझ्या बाणांसाठी भाता केला होता. तिरंदाजीचे कोच हसले, ‘‘बेटा, नाली उठा लाई क्या?’’ मग बाबांना म्हणाले, ‘‘सबके लिए बना दो भैया, बिटिया का सिलेक्शन पक्का.’’ बाबांनी सगळ्या मुलींसाठी भाते केले, आणि संघात माझंच नाव नव्हतं. संघ निघाला त्या दिवशी भाते पोचवायला आम्ही स्टेशनवर गेलो. तिथे मी बाबांचा हात ओढला, ‘‘चला न घरी.’’ तेवढ्यात कोच ओरडले, ‘‘भैया, पट्टे ढीले हैं, कस दो.’’ बाबा फलाटावर गुडघे टेकून बसले. ‘‘थांब वं. रस्त्यात तुटले त पोरीयचे बाण पडतीन.’’ मी शिकले, नोकरीला लागले ते बाबांमुळेच. त्या कोचना मात्र मी अजून माफ केलेलं नाही.