गोलोंद्रिनाच्या पोटातली ऊब

ओलिमार नदीकाठच्या चारा-प्रयोगशाळेत नीदियाचं काम ठरलेलं होतं. सकाळी गोलोंद्रिना गाईच्या कुशीला तपासणीसाठी मुद्दाम पाडलेल्या भोकाचं रबरी बूच काढायचं, कोपरापर्यंत हात घालायचा आणि पोटातला रस थर्मासात भरून आणायचा. त्या रसात गवताची भुकटी ठेवली, की गाईला त्यातलं किती पचेल ते कळायचं. हिवाळ्यात दहिवर गोठलेलं असे, तेव्हा नीदियाचा हात आत अंमळ रेंगाळायचा. गाय मान वळवून बघायची, रवंथ चालूच.

संध्याकाळी बसमध्ये ड्रायव्हर ओरडायचा, "खिडक्या उघडा रे, गोलोंद्रिनाची बहीण आली!"

"तुझ्या पायमोज्यांपेक्षा बरी आहे!" ती म्हणायची.

मग एक दिवस प्रयोगशाळेतले डॉक्टर एचेगोयेन पाचक पूड भरलेल्या दोन बाटल्या घेऊन आले. "हे पेप्सिन, हे बुरशीपासून काढलेलं सेल्युलेज. आधी प्रथिनं विरघळतात, मग तंतू. उरेल ते न पचणारं."

"आणि गाय?"

"गाईचा रस आज पातळ, उद्या दाट. ही पूड रोज सारखी."

तीच गवतं दोन्ही रीतींनी तपासली. आकडे जुळू नयेत असं नीदियाला फार वाटत होतं. तरी तिने गाळण्या काळजीपूर्वक धुतल्या. आकडे जुळले.

गोलोंद्रिनाचं भोक शिवून तिला वेर्गारा गावच्या एलादियो नावाच्या शेतकऱ्याकडे धाडलं. नीदिया आता गरम पाण्याच्या टाकीत नळ्या ठेवायची. कधीकधी उगाच पाण्यात हात बुडवून बसायची.

एका रविवारी ती वेर्गाराला गेली. "गोलो!" हाक ऐकून गाय आली, तिचा साबणाने धुतलेला कोट हुंगला आणि पुन्हा चरायला वळली. नीदियाने शिवणीवर तळवा ठेवला. वर केस उगवले होते.

"हाडं दिसायला लागलीत हिची," ती म्हणाली.

"अहो बाई, गवताची गंजी संपवते रोज!" एलादियोने माते चहाचा पेला पुढे केला.

निघताना तिने त्याच गंजीतलं मूठभर गवत पिशवीत घातलं. सोमवारी ते दळून पाचक पूड कालवलेल्या पाण्यात भिजवलं. निम्म्याहून जास्त तसंच उरलं. तिने लगेच फोन लावला.

"गवत फार जून झालंय. पोट भरतं, अंगी लागत नाही. लसूणघास मिसळा."

त्याने मिसळला. महिन्याभराने तिने पुन्हा फोन करून विचारलं, "आता कशी आहे?"

"गंजी?"

"गाय हो!"

"मजेत आहे. गुबगुबीत झालीय. बोलता का तिच्याशी?"

नीदिया हसली. फोन मात्र तिने बराच वेळ कानाशीच धरला. पलीकडे कुठेतरी गुरं हंबरत होती.